काढा की गोळी हे नंतर, आधी आजार कोणत्या जातीचा ते बघा

मेडिकलच्या काउंटरवर उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "गोळ्या सगळ्या केमिकलच्या, झाडपाला कसा निसर्गाचा." बोलणारा शेतकरी असतो, मास्तर असतो, कधी चक्क सायन्स शिकलेला पोरगाही असतो. यावर वाद घालून मी आता थकलोय. वादाचा मुद्दाच चुकीच्या जागी आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

काढा कसा करायचा हे खानदेशात कोणाला शिकवायला नको. अडुळसा, तुळस, आलं, मिरे, गुळाचा खडा. घरोघरी ठाऊक आहे. पडसं झालं तर मीही काढाच घेतो आणि दुकानातल्या गोळ्या दुकानातच ठेवतो. (काढ्यासोबत मध घेत असाल, तर वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र तो चाटवू नका. त्यातल्या जंतूंची बीजं बाळाच्या आतड्यात रुजून तिथे विष तयार करू शकतात.)

निसर्ग आणि केमिकल हा भेद दोन ओळींत संपतो. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वापरात होती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, मोजमाप ठेवून, 1949 मध्ये निष्कर्ष छापले. 1952 मध्ये तिच्यातून रेसरपिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि ते जगभर बीपीचं औषध म्हणून गेलं. त्याने काही रुग्ण उदासही व्हायला लागले. म्हणजे मुळी खरंच काम करत होती, म्हणूनच तिला दुष्परिणामही होते. "साइड इफेक्ट अजिबात नाही" असं कोणी छातीठोक सांगितलं की मी विचारतो, मग इफेक्ट तरी आहे का? शुगरची मेटफॉर्मिनसुद्धा युरोपातल्या एका रानटी झुडपातल्या द्रव्याचा माग काढत हाती आली. चव, किंमत, गोळी मोठी की छोटी, हे सगळं किरकोळ.

उलट्या बाजूचा गोंधळही तेवढाच डोक्यात जातो. साधं विषाणूचं पडसं, आणि हट्ट काय तर "अँटिबायोटिक द्या, सुई टोचा, ताकदीची बाटली चढवा." अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. आणि ती ताकदीची बाटली? अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. ग्लुकोजची पाच टक्क्यांची बाटली असेल तर पंचवीस ग्रॅम साखर. उलट्या थांबत नसतील, माणूस पाणी पिऊ शकत नसेल, तर ती जीव वाचवते. चालत आलेल्या माणसाला तिच्यापेक्षा कैरीचं पन्हं बरं.

आता खरी मेख. काढा आणि गोळी यांची तुलना आपण एकाच मापाने करतो: घेतल्यावर बरं वाटलं का? हे माप काही आजारांना चालतं आणि काहींना अजिबात चालत नाही. कारण आजारांच्या दोन जाती आहेत. एक आपसूक उतरणारे, दुसरे आयुष्यभर न उतरणारे. पहिल्या जातीत काहीही घ्या, यश तुमचंच.

कावीळ घ्या. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप जाते. तिच्यावर वेगळं औषधच नाही, विश्रांती आणि खाणंपिणं एवढंच. त्यामुळे कावीळ उतरवणारा कोणीही असो, त्याच्याकडे आलेल्या बहुतेकांची ती उतरतेच. गळ्यात घातलेली माळ रोज लांब होते, कारण तिच्या काड्या सुकून आकसतात आणि सैल गाठींचा दोरा सुटत जातो. हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं, कारण आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस आणि चुन्याची निवळी एकत्र आली की ते पिवळं होणारच. तुमचे हात निरोगी असले तरी होईल. पण कावीळ पित्ताच्या खड्याने अडलेली असेल, हिपॅटायटिस बी ची असेल, तर माळ लांबत राहते आणि माणूस खंगत राहतो. गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झाली तर शेवटच्या तीन महिन्यांत शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावण्यापर्यंत मजल जाते. तिला माळवाल्याकडे नेणाऱ्याचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

नंदुरबारकडे, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं असंच होतं. हाडं-सांधे ठणकण्याचा झटका येतो, काही दिवस राहतो आणि बहुतेक वेळा ओसरतो. त्या दिवसांत जो पाला लावला असेल, जो धागा बांधला असेल, श्रेय त्याला. आजार मात्र रक्तातच आहे, तांबड्या पेशीचा आकारच बिघडतो. पुढचा झटका येऊ नये म्हणून पाणी भरपूर पिणं, थंडीपासून जपणं आणि डॉक्टरांनी सांगितली तर हायड्रॉक्सियुरियाची गोळी, या गोष्टी झटका नसतानाच करायच्या असतात. दुखत नसताना औषध घ्यायचं, हेच आपल्या गळी उतरत नाही.

इथेच शुगर आणि बीपीवाले फसतात. झाडपाल्याने काविळीत कमावलेली पत माणसं शुगरमध्ये खर्च करतात.

रिकाम्या पोटी रक्तातली साखर 126 किंवा त्याच्या वर, पुन्हा तपासूनही तीच, तर मधुमेह धरतात. पण त्रास केव्हा सुरू होतो? साखर साधारण 180 च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत ओढून घेता येत नाही, ती लघवीत उतरायला लागते. मग लघवी वाढते, तहान वाढते, रात्री उठावं लागतं, लघवीला मुंग्या लागतात. म्हणजे 126 ते 180 हा अख्खा पट्टा मुका आहे. त्या पट्ट्यात माणूस ठणठणीत असतो, शेतात जातो, भरीत-पुरी हाणतो, आणि डोळ्यांच्या पडद्यातल्या, मूत्रपिंडातल्या बारीक नळ्या हळूहळू खराब होत राहतात.

आता समजा एखाद्याची साखर 240 आहे. त्याने कारल्याचा रस सुरू केला, मेथीदाणे भिजवून खाल्ले, चहातली साखर सोडली, सकाळी पाटावरून चालायला लागला. साखर 170 वर आली. तहान गेली, रात्रीचं उठणं गेलं, अंगात हुशारी आली. तो सांगत सुटतो, "रसाने शुगर गेली, गोळ्या बंद केल्या." खोटं बोलत नाही बिचारा. त्याला खरंच बरं वाटतंय. पण तो बरा झालेला नाही, फक्त मुक्या पट्ट्यात शिरलाय. घरचा उपाय मधुमेहात हमखास फसवतो तो इथे: त्रास थांबतो तिथे आजार थांबत नाही.

मेथीदाण्याला मी नावं ठेवत नाही. त्यातल्या तंतूमुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते, हे पटण्यासारखं आहे. चालणं आणि ताटातला भात कमी करणं याला तर तोड नाही. माझा आक्षेप मापाला आहे. सकाळी एकदा बोट टोचून बघितलेला आकडा त्या घडीपुरतीच बातमी देतो. एचबीए1सी ही तपासणी मागच्या जवळपास तीन महिन्यांचा हिशोब देते, कारण तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिला चिकटलेली साखर त्यात मोजली जाते. रस प्यायचा तर प्या, पण दर तीन महिन्यांनी हा आकडा काढा आणि गोळी कमी करायची का ते डॉक्टरांना ठरवू द्या. ज्या पोराला लहानपणापासून इन्सुलिन लागतं, त्याच्या बाबतीत तर हा प्रयोग करूच नका. तिथे इन्सुलिन बंद केलं की थोड्या दिवसांत जिवावर बेततं.

बीपी तर याहून मुकं. आमच्याकडे एक नाना येतात. डोकं दुखलं की बीपी वाढलं असा त्यांचा हिशोब, त्यामुळे गोळी त्या दिवसापुरतीच.

"पट्टीतल्या पाचच काप भाऊ."

"नाना, महिना तीस दिवसांचा आहे."

"माले काहीच तरास नही, मंग गोळी कसाले?"

मशीन लावलं तर 170 वर 100. नानांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मशीनकडे, आणि म्हणाले, "याचा सेल उतरला असंल." डोकेदुखीचा आणि बीपीचा बहुतेक वेळा काही संबंध नसतो. वाढलेला दाब वर्षानुवर्षं गपचूप नळ्या झिजवतो आणि पहिला आवाज करतो तो लकवा मारल्यावर. त्या वेळीही तेल चोळत बसू नका. मेंदूच्या नळीत रक्ताची गुठळी अडकून लकवा मारला असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि धडगावहून मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्यातले किती उरतात ते ज्याचं त्याने मोजावं.

एक तिसरा प्रकार मात्र मला काढ्यातही धरायचा नाही आणि गोळीतही. आठवडे बाजारात, जत्रेत मिळणारी सांधेदुखीची पुडी. नाव-गाव काही नाही, "सातपुड्याची जडीबुटी" एवढं तोंडी. दोन दिवसांत गुडघे मोकळे, भूक सपाटून, चेहरा भरलेला. इतका झटपट गुण आला की आनंद नको, संशय घ्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड कुटून घातल्याचं तपासण्यांत पुन्हा पुन्हा उघड झालं आहे. निसर्गाच्या नावाने तुम्ही जे खाताय ते काउंटरवरच्या गोळीपेक्षा जास्त केमिकल, तेही मात्रा न कळता. शुगर त्याने वाढते, आणि महिनोन् महिने खाऊन एकदम सोडलं तर माणूस कोसळू शकतो. शुगर कायमची घालवतो, बीपी मुळापासून काढतो, अशा जाहिरातीला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. तरी भिंती रंगलेल्या दिसतात.

दोन्ही एकत्र घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. चिडतील म्हणून लपवू नका. शुगरची ग्लिमेपिराइडसारखी गोळी आणि वर पेलाभर कारल्याचा रस, त्यात दुपारचं जेवण चुकलं, तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या, मग दवाखाना. जाताना रसाची बाटली, चूर्णाची डबी, पुडी, जे काय चालू असेल ते पिशवीत टाकून न्या. डबीवर बनवणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली असायला हवी. आयुर्वेदिक औषधालाही ते बंधनकारक आहे. पुडीवर यातलं काहीच नसेल तर ती तिथेच टेबलावर ठेवून या.