एदोकालीन जपानमधील पंचांगसुधारणा

एदो काळात (१६०३–१८६८) जपानचे अधिकृत पंचांग चार वेळा बदलले : जोक्यो (१६८५), होरेकी (१७५५), कान्सेई (१७९८) आणि तेन्पो (१८४४). पंचांग जाहीर करण्याचा मान क्योतोच्या सम्राटाचा, तर प्रत्यक्ष सत्ता एदोतील (आजचे तोक्यो) शोगुनची, म्हणजे लष्करी शासकाची. मग गणित कोणी करायचे, हा प्रश्न निव्वळ ज्योतिर्गणिताचा राहिला नाही.

हे पंचांग चांद्रसौर होते. महिने २९ किंवा ३० दिवसांचे असत आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी मधूनमधून अधिक महिना येई. आपल्या अमान्त पद्धतीच्या जवळचीच ही रीत. मात्र अमावास्या ज्या दिवशी घडे, तोच दिवस महिन्याचा पहिला धरीत. साहजिकच सूर्यग्रहण पहिल्या तारखेलाच पडायला हवे. ते चुकले, की पंचांगकर्त्याची चूक सगळ्या देशाला दिसे.

८६२ पासून चीनच्या तांग राजवटीतील सेन्म्यो पंचांग चालू होते. आठशे वर्षांत कोणी त्याला हात लावला नाही आणि सतराव्या शतकापर्यंत अयनदिन सुमारे दोन दिवसांनी चुकू लागले. ही चूक सुधारणारा शिबुकावा हारुमी (१६३९–१७१५) मूळचा गो या पटावरील खेळाचा खेळाडू. शोगुनच्या पदरी असलेल्या यासुई या गो-घराण्यात तो जन्मला. होशिना मासायुकी, तोकुगावा मित्सुकुनी अशा बड्या सरदारांचा पाठिंबा त्याला लाभला, आणि गणितापेक्षा ही ऊठबस कमी महत्त्वाची नव्हती. १६७३ मध्ये त्याने चीनच्या युआन राजवटीतील जुजी पंचांग स्वीकारावे असा अर्ज केला. ते पंचांग १२८१ चे, सेन्म्योपेक्षा कितीतरी सरस. पण १६७५ च्या सूर्यग्रहणात जुन्या सेन्म्योचे भाकीत खरे ठरले, जुजीचे चुकले आणि अर्ज बारगळला.

हारुमीने कारण शोधले. चिनी गणित चीनमधील स्थानासाठी होते, त्याला जपानच्या रेखांशाचा संस्कार हवा होता. शिवाय मधल्या चार शतकांत सूर्याचे नीचस्थान (तो पृथ्वीला सर्वांत जवळ असतो तो बिंदू) सरकले होते. दोन्ही दुरुस्त्या करून त्याने ‘यामातो’ पंचांग रचले. १६८४ मध्ये दरबाराने आधी मिंग राजवटीचे पंचांग पसंत केले होते. पण दरबारी ज्योतिषी त्सुचिमिकादो यासुतोमी हारुमीच्या बाजूने होता आणि त्याच वर्षी निर्णय फिरला. यामातो पंचांगच जोक्यो नावाने लागू झाले. हारुमी शोगुनचा पहिला ‘तेन्मोनकाता’ म्हणजे राजज्योतिर्विद झाला. गणित एदोकडे गेले, घोषणा क्योतोकडे राहिली.

सामान्य माणसाला यातले काय हवे असे? मुख्यतः कोणता महिना २९ चा नि कोणता ३० चा, कारण उधारी महिनाअखेरीस चुकवावी लागे. पंचांग छापण्याचा हक्क मोजक्या प्रकाशकांनाच असल्याने हौशी लोक लहानमोठ्या महिन्यांचे आकडे चित्रांत लपवून छापत. १७६५ मध्ये एदोत अशा चित्रांची देवाणघेवाण रंगली आणि त्यातून सुझुकी हारुनोबुची बहुरंगी ठसाचित्रे पुढे आली.

शोगुन योशिमुने याने १७२० मध्ये पाश्चात्त्य ज्ञान असलेल्या चिनी ग्रंथांवरील बंदी सैल केली. त्याला युरोपीय गणितावर आधारलेले पंचांग हवे होते, पण १७५१ मध्ये तो वारला. ही संधी साधून त्सुचिमिकादो घराण्याने सूत्रे पुन्हा क्योतोकडे खेचली. त्यातून निघालेले होरेकी पंचांग जोक्योहून बरे मुळीच नव्हते. १७६३ चे सूर्यग्रहण त्यात नव्हतेच, उलट खाजगी अभ्यासकांनी ते आधी वर्तवले होते. त्यांपैकी आसादा गोर्‍यूच्या ओसाकातील शिष्यांना पुढे एदोत बोलावणे आले : ताकाहाशी योशितोकी हा कनिष्ठ दर्जाचा सामुराई आणि हाझामा शिगेतोमी हा सावकारी पेढीचा मालक. केप्लरच्या लंबवर्तुळी कक्षा त्यांना चिनी ग्रंथातून कळल्या आणि कान्सेई पंचांगात सूर्य-चंद्राच्या गतींसाठी त्यांनी त्या वापरल्या.

योशितोकीचा थोरला मुलगा कागेयासु याने जर्मन वैद्य सिबोल्ड याला जपानचे नकाशे दिले. १८२८ मध्ये ते उघडकीस आले आणि पुढच्या वर्षी कागेयासु तुरुंगात मेला. शिबुकावा घराण्यात दत्तक गेलेला धाकटा भाऊ कागेसुके मात्र लालांदच्या फ्रेंच ज्योतिषग्रंथाच्या डच अनुवादावर काम करत राहिला. त्याने सिद्ध केलेले तेन्पो पंचांग १८७२ अखेरपर्यंत चालले.