दोन जेवणांमधला रिकामा काळ: पाळीव सापाला किती, केव्हा आणि काय भरवावं

कुत्र्याला दिवसातून दोनदा खायला लागतं, मग सापाला महिनाभर उपाशी कसं ठेवायचं, या काळजीपोटी कितीतरी माणसं बॉल पायथन या परदेशी अजगराला दर चार दिवसांनी उंदीर भरवतात. साप तो गिळतो, झपाट्याने जाड होतो आणि पाळणाऱ्याला वाटतं, तब्येत छान सुधारतेय. सापाच्या शरीराला मात्र दोन जेवणांमधला रिकामा काळ जेवणाइतकाच लागतो. तो का लागतो हे एकदा समजलं, की भरवण्याबद्दलच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं सापडतात.

आधी कायद्याचं. नाग, घोणस, धामण, दिवड, अजगर असे देशी साप पकडून घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. वाडीत किंवा परसात साप आला तर वनखात्याला किंवा सर्पमित्राला कळवायचं, एवढंच आपलं काम. पाळले जातात ते परदेशी साप: पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन, अमेरिकेतले कॉर्न स्नेक आणि गार्टर स्नेक. बॉल पायथन साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे त्याची परिवेश या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते.

आता पोटात काय घडतं ते पाहू. यावरचं सगळ्यात सखोल संशोधन ब्रह्मी अजगरावर झालं आहे. हा आपल्याकडच्या अजगराचा इतका जवळचा भाऊबंद, की पूर्वी दोघांना एकाच जातीचे प्रकार मानत. उपाशी अजगराच्या जठरात आम्ल जवळजवळ नसतं. आम्ल तयार करायला ऊर्जा लागते, आणि पोटात काही नसताना ती खर्च करण्यात अर्थ नसतो. भक्ष्य गिळलं की साधारण एका दिवसात जठराचा सामू (पीएच; जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) सातच्या आसपासून दोनपर्यंत किंवा त्याहूनही खाली येतो. लहान आतड्याचं वजन एक-दोन दिवसांत दुपटीच्या घरात जातं. आतड्याच्या पेशींवर अन्नरस शोषणारे जे सूक्ष्म केसासारखे उंचवटे असतात, त्यांची लांबी सुमारे पाचपट होते. यकृत आणि मूत्रपिंडं वाढतात. २००५ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका प्रयोगात तर जेवणानंतर ४८ तासांत हृदयाच्या खालच्या कप्प्याचं वजन ४० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. फार मोठ्या जेवणानंतर प्राणवायूचा वापर विश्रांतीच्या तुलनेत ४० पटींच्याही वर गेल्याची नोंद आहे.

रक्तातल्या चरबीचं प्रमाण या काळात इतकं वाढतं की रक्तद्रव दुधासारखा दिसतो. माणसाच्या रक्तात एवढी चरबी झाली असती तर हृदयावर गंभीर परिणाम झाला असता. अजगराचं हृदय ती जाळून काम करतं. २०११ साली कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी या रक्तातली तीन मेदाम्लं ओळखली: मिरिस्टिक, पामिटिक आणि पामिटोलेइक. त्यांचं ठरावीक मिश्रण उंदरांना टोचल्यावर त्यांचंही हृदय वाढलं, आणि तेही निरोगी रीतीने, व्यायामाने वाढावं तसं. सापाच्या पोटाचा अभ्यास करताना माणसाच्या हृदयरोगावर प्रकाश पडावा, याहून सुंदर काय असेल!

पचन संपलं की हे सगळं आठवडा-दोन आठवड्यांत पूर्ववत होतं. गावातली भातगिरणी भात आलं की सुरू होते आणि दळून झालं की बंद, तसंच हे चालतं. अर्थात सगळे साप इतके टोकाचे नसतात. हिंडून वारंवार शिकार करणाऱ्या सापांच्या आतड्यात फरक कमी पडतो. दबा धरून बसणाऱ्या, क्वचित पण मोठं खाणाऱ्या सापांत तो प्रचंड असतो. बॉल पायथन दुसऱ्या गटातला, कॉर्न स्नेक पहिल्या गटाकडे झुकणारा. दोघांना एकच वेळापत्रक लावणं त्यामुळे चूक आहे.

पचनाची यंत्रणा बंद असताना साप अत्यंत कमी ऊर्जेवर जगतो. म्हणून जास्तीचं खाणं कुठे जातं, हा खरा प्रश्न. पिलू वाढीला लागलेलं असताना त्यातला मोठा भाग हाडामांसात जातो, कात वरचेवर पडते. पण लांबी वाढण्याच्या वेगाला मर्यादा आहे. त्यापुढचं सगळं पोटातल्या चरबीच्या लांबट गोळ्यांत आणि यकृतात साठतं. मादीने लवकर अंडी द्यावीत म्हणून तिला ठासून भरवून वजन वाढवणारे लोक आहेत. यकृतात चरबी साचण्याचा आजार असा ओढवून घेतलेला असतो.

बॉल पायथनच्या पिलाला दर सात ते दहा दिवसांनी त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के वजनाचा उंदीर पुरतो. म्हणजे १०० ग्रॅमच्या पिलाला १० ते १५ ग्रॅमचा. दीड किलोच्या प्रौढाला ७५ ते ९० ग्रॅमचा उंदीर तीन-चार आठवड्यांतून एकदा. कॉर्न स्नेकच्या पिलाला पाच ते सात दिवसांनी, प्रौढाला दहा ते चौदा दिवसांनी. भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी, फार तर किंचित जास्त. साप सरळ पडलेला असताना खवल्यांमधली कातडी दिसत असेल, वळताना अंगावर वळ्या पडत असतील, तर तो लठ्ठ आहे. पाठीचा कणा धारदार लागत असेल तर खंगलेला. प्रौढ बॉल पायथन काही महिने खाणं सोडू शकतो. दर आठवड्याला वजन करावं आणि दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर पशुवैद्य गाठावा.

उंदीर मेलेला, गोठवलेलाच द्यावा. जिवंत उंदीर सापाला चावून गंभीर जखमा करतो. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून तो विरघळवायचा, मग बंद पिशवीत ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात अर्धा तास. कोकणच्या दमट उकाड्यात ओट्यावर ठेवून विरघळवला तर त्याचं पोट आधी सडू लागतं. मायक्रोवेव्हमध्ये तो फुटतो. शेतात किंवा माडाखाली पकडलेला उंदीर कधीच देऊ नये: त्याने झिंक फॉस्फाईड किंवा ब्रोमाडिओलोन खाल्लेलं असू शकतं, आणि ते विष सापाच्या पोटात जातं. नुसते कोंबडीचे तुकडेही नकोत, कारण हाडांशिवाय कॅल्शियम मिळत नाही.

गार्टर स्नेक हा आपल्या दिवडाचा नातेवाईक, मासे खाणारा. तारली आणि मांदेली यांच्या कुळांतल्या काही माशांत थायमिनेज हे विकर (एन्झाइम) असतं. ते ब-१ जीवनसत्त्व मोडतं. असे कच्चे मासे सतत दिले तर सापाचा तोल जातो, मान वर वळते, झटके येतात. मासा ८० अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवला की विकर निकामी होतं.

दुधाबद्दल इथेच सांगायला हवं. दूध हे कुठल्याच सापाचं अन्न नाही. नागपंचमीला दूध ‘पिणारा’ नाग आधी कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असतो. समोर येईल तो द्रव तो पितो, आणि दूध फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. धामण गाईच्या पायांना वेटोळं घालून सडाला तोंड लावते, ही कोकणातली जुनी समजूतही खोटी आहे. सापाला चोखायला लागणारे मांसल ओठ आणि गाल नसतात, आणि त्याचे मागे वळलेले दात सडात रुतले तर गाय लाथ मारल्याशिवाय राहणार नाही.

राहिलं तापमान. ही सगळी यंत्रणा उष्णतेवर चालते. बॉल पायथनच्या पेटीत एक बाजू ३१-३२ अंश, दुसरी २५-२६ अंश हवी, आणि हीट मॅटला थर्मोस्टॅट हवाच. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते. पोट भरलेल्या सापाचं अंग थंड पडलं की विकरं मंदावतात, पचनाआधी उंदीर कुजू लागतो आणि साप तो ओकतो. वादळाचा इशारा असेल तर भरवणं आठवडाभर पुढे ढकला. रिकाम्या पोटी थंडावा त्याला सोसतो. जेवल्यावर ४८ तास हाताळू नका. ओकलाच, तर दोन आठवडे फक्त पाणी, आणि पुढचं भक्ष्य नेहमीच्या निम्म्या वजनाचं. दुसऱ्यांदा ओकला तर विष्ठेचा नमुना घेऊन पशुवैद्याकडे जा.