कोरा चहा घरी करताना : पत्तीच्या पाकिटासोबतचा कागद

नमस्कार. पाकिटासोबत हा कागद मुद्दाम देतोय, कारण लोक पत्ती आवडीने घेऊन जातात आणि पंधरा दिवसांनी येऊन सांगतात की चहा कडू झाला, नाहीतर एकदम फुळकवणी लागला, आणि नीट विचारलं की बहुतेक वेळा कळतं पत्तीत काही खोट नव्हती, पाणी किती गरम होतं आणि पत्ती त्यात किती वेळ राहिली एवढाच प्रश्न होता.

एप्रिलमध्ये एक काकू दार्जिलिंगची फर्स्ट फ्लश, म्हणजे वर्षातल्या पहिल्या तोडणीची पत्ती, घेऊन गेल्या होत्या, आठवड्याने पाकीट परत घेऊन आल्या. "अहो, रंगच येत नाही हो याला, चार चमचे टाकले, दहा मिनिटं उकळला, शेवटी दूध घातलं तर नुसतं गढूळ पाणी." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, आपण सगळे आयुष्यभर चहा असाच करत आलोय. त्यांच्याच पाकिटातली पत्ती काट्यावर २ ग्रॅम मोजली, काचेच्या कपात टाकली, पाण्याला उकळी आल्यावर गॅस बंद करून मिनिटभर थांबलो आणि १५० मिली पाणी ओतून वर बशी झाकली. तीन मिनिटांनी गाळला. फिकट सोनेरी रंग, मधाच्या पाण्यासारखा. त्यांनी पहिला घोट घेतला, काही बोलल्या नाहीत, दुसरा घेतला आणि विचारलं, "यात साखर घातलीत का?" नव्हती घातली. ते पाकीट त्या परत घरी घेऊन गेल्या.

सगळा चहा एकाच झाडाचा

काळा, हिरवा, पांढरा, उलाँग हे सगळं एकाच झाडाच्या पानांपासून होतं, कॅमेलिया सायनेन्सिस. त्याच्या मुख्य जाती दोन, एक बारीक पानाची चिनी आणि एक मोठ्या पानाची आसामी. फरक पडतो तो पान खुडल्यावर त्याचं काय करतात यात. पान सुकवून चुरगाळलं आणि हवेत ठेवलं की कापलेल्या सफरचंदासारखं ते तांबूस होत जातं, पूर्ण होऊ दिलं की काळा चहा, मध्येच थांबवलं की उलाँग, आणि खुडल्या खुडल्या वाफेवर किंवा कढईत गरम करून ते थांबवलंच की ग्रीन टी. पांढऱ्या चहात बहुतेक कोवळ्या कळ्या असतात आणि त्यांना जवळजवळ हातच लावत नाहीत, नुसत्या वाळवतात. आणि गवती चहा हे चहाचं झाडच नाही, ते वेगळं गवत. दुधाच्या चहात तो फार सुंदर लागतो पण कृपा करून दार्जिलिंगमध्ये टाकू नका, तो सगळं झाकून टाकतो.

आपण रोज वापरतो ती दाणेदार पावडर म्हणजे सीटीसी. पान दातेरी रोलरमधून चिरडून, फाडून, गुंडाळून त्याचे दाणे करतात, हे मशीन १९३० च्या सुमारास आसामात आलं. पान पूर्ण चिरडलेलं असल्यामुळे रंग पटकन सुटतो आणि जोरात सुटतो, म्हणून ते दूध, साखर, आलं सगळ्याला पुरून उरतं. अमृततुल्यवाले पितळी भांड्यात उकळतात ते अगदी बरोबरच आहे, त्या पावडरीचा तोच मान आहे, आणि दुधातलं केसिन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं म्हणून एवढा उकळलेला चहाही जिभेला बोचत नाही. हा कागद त्या चहाच्या विरोधात नाही. पूर्ण पानाच्या पत्तीला मात्र तसं उकळू नका एवढंच म्हणणं आहे, कारण तिथे बोचणी धरायला दूध नसतं आणि नाजूक वास उकळीबरोबर वाफेत निघून जातो.

आता तुरट आणि कडू यातला फरक आधी जिभेला ओळखू द्या, कारण त्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. आपल्याकडे शब्द आहेत त्यामुळे हे सोपं जातं. जांभूळ किंवा कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ कोरडी पडते, गालाच्या आतून ओढल्यासारखं होतं ते तुरट, आणि कारलं ते कडू. चांगल्या काळ्या चहात थोडा तुरटपणा हवाच, त्यानेच तोंड साफ होतं आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो. कडवटपणा मात्र जिभेच्या मागे चिकटून राहिला तर समजा वेळ जास्त झाली किंवा त्या पत्तीला पाणी जास्त गरम होतं.

तीन कपांचा प्रयोग

घरी एकदाच करून बघा, रविवारी सकाळी वगैरे, सगळ्यांना बसवून. एकच पत्ती, तीन सारखे कप, प्रत्येकात २ ग्रॅम आणि १५० मिली पाणी, तिन्हीत एकाच वेळी ओता आणि एक दोन मिनिटांनी, दुसरा चार मिनिटांनी, तिसरा सहा मिनिटांनी गाळा. काटा नसेल तर पूर्ण पानाच्या पत्तीचा एक सपाट मोठा चमचा धरा, पण खरंच साधा किचनचा काटा असेल तर तो वापरा कारण सीटीसीचा चमचा जड भरतो आणि मोठ्या पानांचा चमचा अगदी हलका, चमच्याने मोजलं की दर वेळी वेगळाच चहा होतो. मग तिन्ही कप ओळीत ठेवून कोमट होऊ द्या, फार गरम चहाची चव कळत नाही. आधी रंग बघा, मग कपापेक्षा गाळलेल्या ओल्या पानांचा वास घ्या, खरा वास तिथे असतो, आणि मग चमच्याने भुरका मारा. आवाज करून. लहानपणी आपल्याला आवाज करू नको म्हणून ओरडा बसलेला असतो पण इथे तो हवाच, भुरक्याने चहा हवेबरोबर तोंडभर उडतो आणि वास मागून नाकात चढतो, चहाचे टेस्टर दिवसभर हेच करतात. बशीतून फुर्रकन पिणारे आजोबा पण नकळत थोडंफार तेच करत होते.

दोन मिनिटांच्या कपात वास जास्त, अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, कमी. सहाच्या कपात अंग जास्त आणि तोंड ओढलं जाईल. तुम्हाला यातला कुठला आवडतो ते तुमचं. आम्ही पाकिटावर वेळ लिहितो ती सुरुवात करायला म्हणून, नियम म्हणून नाही. आणि हो, चहा तपासायची एक आंतरराष्ट्रीय पद्धतसुद्धा आहे, आयएसओ ३१०३, त्यात १०० मिलीला २ ग्रॅम पत्ती, उकळतं पाणी आणि सहा मिनिटं असं आहे, पण ती पिण्यासाठी नाही, चहातले दोष उघडे पडावेत आणि दोन चहांची तुलना करता यावी म्हणून आहे. ते वाचून घरी तसाच करून पिऊ नका.

एका वेळी एकच गोष्ट बदला. आज वेळ बदलली तर पाणी आणि पत्ती तीच ठेवा. लोक सगळंच एकदम बदलतात आणि मग कशाने बिघडलं ते कळत नाही.

पाणी किती गरम

काळ्या चहाला, म्हणजे आसाम ऑर्थोडॉक्स (सीटीसी न केलेला, पानाचा चहा), नीलगिरी, दार्जिलिंगची सेकंड फ्लश (दुसरी तोडणी) यांना उकळी आल्या आल्या पाणी चालतं. पुण्यात समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर असल्याने पाणी ९८ अंशाच्या आसपासच उकळतं, ठीक आहे. तीन ते चार मिनिटं. फर्स्ट फ्लश जास्त नाजूक, गॅस बंद करून मिनिटभर थांबा आणि अडीच-तीन मिनिटांत गाळा. ती काळ्या चहात मोडते पण पान जास्त सुकवलेलं आणि कमी तांबूस झालेलं असतं म्हणून रंग फिकट, तो गडद होईपर्यंत थांबलात तर चव गेली. पांढऱ्याला आणि उलाँगला ८५-९० अंश धरून चला. उलाँगची पानं दोन-तीनदा वापरता येतात, दर वेळी मिनिटभर जास्त ठेवायची, पण ओली पानं रात्रभर तशीच ठेवून सकाळी वापरू नका.

ग्रीन टीचं मात्र जरा जास्त सांगायला हवं कारण सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच. डॉक्टरांनी किंवा जिमवाल्यांनी सांगितलं म्हणून नेतात, उकळतं पाणी ओततात, टी बॅग कपात तशीच सोडून देतात आणि नाक धरून पितात. ग्रीन टीमधली कडू-तुरट द्रव्यं, कॅटेचिन म्हणतात त्यांना, जास्त गरम पाण्यात भराभर सुटतात, आणि पानातला गोडसर भाग कमी गरम पाण्यातही येतो. म्हणून ७५-८० अंश, दोन मिनिटं, बस. थर्मामीटर लागत नाही. तीन वाट्या उकळतं पाणी आणि एक वाटी माठातलं पाणी एकत्र करा, ८० च्या जवळ येतं. वजन कमी होईल असं आम्ही दुकानात कधी सांगत नाही, या कागदावरही सांगणार नाही, चवीला आवडला तर प्या.

जेवणाबरोबर मात्र कुठलाच चहा नको. चहातली द्रव्यं भाज्या-डाळींमधलं लोह अंगी लागू देत नाहीत, तासाभराचं अंतर ठेवा, घरात कोणाचं हिमोग्लोबिन कमी असेल तर हे नक्की पाळा.

कुठली पत्ती कशी लागते

आसाम ऑर्थोडॉक्सला मोड आणलेल्या नाचणीच्या सत्त्वासारखा खमंग वास असतो, ज्यांनी लहानपणी ते सत्त्व प्यायलंय त्यांना पहिल्या घोटात ओळख पटते. दुधाची सवय सुटत नसेल तर यापासून सुरुवात करा, चमचाभर दूध हा चहा सहज पचवतो. दार्जिलिंगच्या बागा ८७, आणि भारतात पहिला जीआय टॅग (त्या भागाच्या नावाला कायद्याने मिळणारं संरक्षण) मिळाला तो याच चहाला, २००४-०५ मध्ये. मार्च-एप्रिलच्या पहिल्या तोडणीला ओल्या गवताचा आणि फुलांचा वास, मे-जूनच्या दुसऱ्या तोडणीला पिकलेल्या द्राक्षांचा. या दुसऱ्या वासाची गोष्ट आम्हाला फार आवडते. त्या दिवसांत बारीक हिरवे तुडतुडे कोवळी पानं चावतात, झाड स्वतःला वाचवण्यासाठी पानात सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि तोच वास पुढे तुमच्या कपात येतो. नीलगिरीत वर्षभर तोडणी चालते, चहा स्वच्छ, थंड केला तरी सहसा गढूळ होत नाही म्हणून आइस टी करणाऱ्यांना आम्ही तोच देतो.

उन्हाळ्यात तर गॅससुद्धा नको. लिटरभर पिण्याच्या पाण्यात १० ग्रॅम नीलगिरी किंवा ग्रीन टी टाकून रात्री फ्रिजमध्ये ठेवा, सहा-आठ तासांनी गाळा. थंड पाण्यात तुरट द्रव्यं कमी सुटतात त्यामुळे साखरेची आठवणही होत नाही. लिंबू पिळलंत तर रंग एकदम उजळतो, घाबरू नका, चहातलं रंगद्रव्य आंबट लागलं की फिकट होतं, बाकी काही नाही.

पाकिटावर एफटीजीएफओपी वगैरे लांबलचक अक्षरं असतात त्यांचं फार मनावर घेऊ नका, ती पानाचा आकार आणि कळ्यांचं प्रमाण सांगतात, चवीची गॅरंटी नाही. ऑरेंज पीकोमध्ये संत्रं शोधायलाही लोक येतात, त्यात संत्रं नसतं.

ठेवायचा कसा

चहा वास ओढून घेतो. मोगऱ्याचा चहा करतात तो याच गुणावर, पत्ती आणि ताजी फुलं रात्रभर एकत्र ठेवून. पण हाच गुण स्वयंपाकघरात घात करतो. आमच्याच घरी एका पावसाळ्यात पाव किलो सेकंड फ्लश गोड्या मसाल्याच्या डब्याशेजारी राहिली, झाकण जरा सैल होतं, पंधरा दिवसांनी चहाला आमटीचा वास. टाकून द्यावी लागली. तेव्हापासून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, मसाल्यांपासून, उदबत्ती-कापरापासून आणि गॅसपासून लांबचं कपाट, हा आमचा नियम. काचेची बरणी दिसायला छान पण उजेडाने चव उतरते. फ्रिजमध्येही नको, बाहेर काढल्यावर पत्तीला पाणी सुटतं. आम्ही ५० ग्रॅमची पाकिटं करतो ती यासाठीच, आणि नवीन काही घ्यायचं असेल तर आधी १० ग्रॅमची सँपल पुडी न्या, पाच कप होतात, तेवढ्यात कळतं. पाकिटावर तोडणीचा महिना आहे तो बघा, ग्रीन टी आणि फर्स्ट फ्लश सहा-आठ महिन्यांत संपवा, बाकी काळा चहा वर्षभर नीट राहतो.

एवढं सगळं करूनही चहा निस्तेज आला, वर तेलकट तवंगासारखा पापुद्रा धरला, तर पाणी जड आहे. बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्यात कॅल्शियम जास्त असतं, त्याची आणि चहातल्या द्रव्यांची मिळून ती साय बनते. धरणाच्या नळाच्या पाण्याला सहसा असं होत नाही. उलट काही आरओ मशीनचं पाणी इतकं कोरडं, म्हणजे क्षार जवळजवळ नसलेलं, असतं की चहा नुसता टोकदार लागतो, अशा वेळी थोडं साधं फिल्टरचं पाणी मिसळून बघा. तरी जमलं नाही तर पाकीट आणि घरच्या पाण्याची एक लिटरची बाटली घेऊन दुकानात या, संध्याकाळी पाचनंतर गर्दी कमी असते, तुमच्या पाण्यात एक कप आणि आमच्या पाण्यात एक कप शेजारी शेजारी करू आणि बरोबर बसून पिऊन बघू.