ॲमेथिस्टचा जांभळा रंग मँगनीजचा नव्हे

ॲमेथिस्ट हा रत्नाचा खडा मँगनीजमुळे जांभळा होतो, असं अजूनही सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. हा खडा म्हणजे मुळात गारगोटीच (क्वार्ट्झ). तिच्या स्फटिकात अडकलेलं किंचित लोह आणि आसपासच्या खडकातून लाखो वर्षं झिरपलेला नैसर्गिक किरणोत्सार, या दोहोंनी रंग चढतो. ४००-५०० अंश सेल्सिअसला खडा तापवला की हा रंग उडतो किंवा पिवळा पडतो; बाजारातला बराचसा सिट्रीन (पिवळी गारगोटी) असाच ‘भाजलेला’ असतो!

दख्खनच्या काळ्या बेसाल्टमधली पोकळी फुटलेली मिळाली तर नीट पाहा: खडकालगत अकीकाचा पापुद्रा, त्यावर पांढुरकी गारगोटी, आणि जांभळेपणा बहुधा टोकांनाच. बुडाशी पांढरा दिसला म्हणून लगेच खोटा ठरवू नका. खडा फ्लोराइट, म्हणजे तसंच जांभळं दिसू शकणारं दुसरं खनिज, असल्याची शंका असेल, तर चाकूने ओरखडून बघा; फ्लोराइटवर चरा उठतो, ॲमेथिस्टवर नाही.