जमीन दबणं (काळी जमीन)

ट्रॅक्टर, ट्रॉली, जनावरं यांचं वजन पडून मातीचे कण जवळ सरकतात, मधल्या पोकळ्या कमी होतात, याला जमीन दबणं किंवा घट्ट होणं म्हणतात. ही नोंद दख्खनच्या काळ्या जमिनीपुरती आहे. कोकणात भातासाठी चिखलणी करताना पाणी धरून ठेवायला मातीची रचना मुद्दामच मोडतात, तिथला हिशोब वेगळा.

मातीच्या कणांची घनता साधारण २.६५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर धरतात. पोकळ्यांसकट मोजलेली घनता (स्थूल घनता) १.२ असेल तर जमिनीत जवळपास ५५ टक्के पोकळी असते, तीच १.५ झाली की ४३ टक्के. आकडा ऐकून फार वाटत नाही, पण गेलेली पोकळी कुठली ते बघायला हवं, कारण आधी मोठ्या पोकळ्या जातात, म्हणजे ढेकळांमधल्या फटी, गांडुळांची बिळं, कुजलेल्या मुळांच्या वाटा, आणि निचरा न् हवा त्यांच्यातूनच चालते. नळीचा व्यास निम्मा झाला तर तेवढ्याच दाबाला पाणी सोळापट कमी वाहतं. बारीक पोकळ्या टिकतात, म्हणून जमीन ओली दिसते पण पीक मात्र मलूल. हवेची जागा १० टक्क्यांच्या खाली गेली की मुळं गुदमरायला लागतात आणि नत्राचा काही भाग वायू होऊन उडून जातो. रवाळ रचना जाऊन आडवे पापुद्रे येतात, मुळं त्यावर आपटून आडवी पसरतात.

आता घनतेच्या मर्यादेचा घोळ. चिकणमातीत १.४५-१.४७ च्या पुढे मुळं अडतात असं संदर्भग्रंथांत सर्रास दिलेलं असतं, पण काळ्या मातीतली स्मेक्टाइट जातीची चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, त्यामुळे त्याच शेतातलं ढेकूळ ओलं असताना १.३ च्या आसपास आणि कडक वाळल्यावर १.८ सुद्धा भरतं. म्हणजे ओलावा न सांगता दिलेला घनतेचा आकडा इथे फारसा कामाचा नाही. काही अभ्यासक म्हणून मातीत सळई घुसवायला लागणारा दाब मोजतात (साधारण २ मेगापास्कलला बहुतेक मुळं थांबतात), तोही ओलाव्याप्रमाणे बदलतोच, तरी मुळाच्या बाजूने बघायचं तर हेच माप जास्त पटतं.

दबलेल्या रानात नांगरटीच्या खाली जो कठीण थर सापडतो, तो नेमका कशाने झाला यावर एकमत नाही. एक मत नांगराला दोष देतं: लाकडी नांगर उथळ चालायचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून लोखंडी नांगर आले, मग साधारण १९७० नंतर ट्रॅक्टर वाढले, आणि वर्षानुवर्षं एकाच खोलीवर फाळ घासला की तळ गुळगुळीत होऊन बसतो. रोटाव्हेटर तर वरची माती पीठ करतो आणि खाली तसाच थर सोडतो. दुसरं मत चाकांना: वरच्या थरावर टायरमधल्या हवेचा दाब महत्त्वाचा, पण खोलवर जातं ते एका आसावरचं एकूण वजन, म्हणून नुसतं रुंद टायर लावून खालचा थर वाचत नाही. तिसरी शक्यता बागायती पट्ट्यात विसरली जाते ती म्हणजे चोपण. सोडियम वाढून चिकणमाती विखुरते, पोकळ्या बुजतात, आणि जमीन न दबताच दबल्यासारखी वागते. तिथे जिप्सम आणि निचरा लागतो, खोल नांगरट करून काही होत नाही. चाकांचं मत जास्त सयुक्तिक वाटतं, पण आधी माती तपासून चोपण नाही ना हे बघितलेलं बरं.

काळ्या जमिनीचा एक गुण म्हणजे ती स्वतःला थोडीफार दुरुस्त करते. उन्हाळ्यात भेगा पडतात, दबलेला थर फुटतो, वरची भुसभुशीत माती भेगांत पडते. कोरडवाहू ज्वारी-कापसाच्या रानात हे दरवर्षी घडतं. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो, वर खोडवा (तोडीनंतर त्याच बुडख्यांतून घेतलेलं पीक), आणि पाणी चालूच, मग भेगा पडायला वेळच मिळत नाही. त्यात तोड सुरू होते ऑक्टोबर-नोव्हेंबरला, खाली अजून ओल असते, आणि भरलेल्या ट्रॉल्या सरीवरून जातात. बहुतेक नुकसान पहिल्याच फेरीत होतं, म्हणून येण्या-जाण्याची वाट एकच ठेवली तर बाकीचं रान वाचतं. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती स्थिती (जास्तीचं पाणी निथळून माती ओलसर पण न चिकटणारी) आल्याशिवाय रानात यंत्र घालायचं नाही, हा नियम जुनाच आहे, ट्रॉलीवाल्याला मात्र तो परवडत नाही.

उपाय म्हणून ताग-धैंचा (हिरवळीचं खत), उसाचं पाचट न जाळणं आणि सबसॉयलर (खोल जाऊन कठीण थर फोडणारं अवजार) सांगतात. सबसॉयलर कोरड्या रानातच चालवावा, ओल्यात तो थर फोडत नाही, नुसती एक चीर पाडून तिच्या कडा लिंपून टाकतो.