गाण्याच्या क्लासला गणिताचे मार्क कशाला विचारायचे?

स्वीडनमध्ये किशोरवयीन मुलांसाठी सार्वजनिक खर्चाने चालणारी करमणूक केंद्रं फार वर्षांपासून आहेत. संध्याकाळी दार उघडायचं. आत बिलियर्डचं टेबल, व्हिडिओ गेम, टीव्ही, गाणी. कुणीही यावं, हवा तेवढा वेळ बसावं. मोठी माणसं हजर असायची, पण 'आता हे करू या' असं सहसा कुणी म्हणत नसे. हेतू चांगलाच होता. पोरं रस्त्यावर भटकण्यापेक्षा इथे बरी!

जोसेफ माहोनी आणि हाकन स्टॅटिन या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली १४ वर्षांच्या सुमारे ७०० मुलामुलींची पाहणी प्रसिद्ध केली. या केंद्रांवर रमणाऱ्या मुलांमध्ये दांडगाई, चोऱ्यामाऱ्या, मारामाऱ्या जास्त आढळल्या. संगीत, खेळ, नाटक अशा ठरलेल्या वेळी, शिकवणाऱ्या माणसाच्या हाताखाली चालणाऱ्या उपक्रमांत जाणाऱ्यांमध्ये त्या कमी होत्या. वाह्यात मुलंच केंद्रावर जात असतील, असं कुणीही म्हणेल. संशोधकांच्याही मनात ते होतंच. म्हणून पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या अभ्यासात त्यांनी मुलग्यांच्या एका गटाच्या तिशीपर्यंतच्या पोलिसी नोंदी तपासल्या आणि घरची परिस्थिती, आधीचं वागणं यांचा हिशेब वजा करून पाहिला. तरीही केंद्रावर जाणाऱ्यांच्या नावावर गुन्हे अधिक निघाले. कोणी केंद्रावर जायचं हे काही चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे केंद्रामुळेच मुलं बिघडली असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण 'मुलांना जागा द्या, बाकी आपोआप होईल' या समजुतीला त्यामुळे चांगलाच तडा गेला.

मुलांसाठी सामूहिक कला-उपक्रम चालवणाऱ्यांनी खरं तर ही गोष्ट सगळ्यात आधी वाचायला हवी. प्रत्यक्षात त्यांच्या माहितीपत्रकांत दुसरंच काही असतं: संगीताने बुद्ध्यांक वाढतो, चित्रकलेने एकाग्रता वाढते, नाटकाने परीक्षेत यश मिळतं. हे दावे खोटेच आहेत असं नाही, पण त्यातले बरेच तपासायला घेतले की हातातून निसटतात.

निसटण्याचं कारण साधं आहे. वाद्य शिकणारी मुलं शाळेत सरासरीने पुढे असतात, हे अनेक देशांत दिसून आलंय. पण वाद्य शिकायला कोण जातं? ज्यांच्या आईवडिलांकडे वेळ आणि पैसा आहे, ज्यांना मुळातच एका जागी बसून सराव करणं जमतं, ती मुलं. मार्क वाद्यामुळे आले की या सगळ्यामुळे, हे नुसतं बघून कळत नाही. ते कळायला हवं असेल, तर कोणत्या मुलाने शिकायचं हे मुलाने किंवा पालकांनी न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं.

कॅनडातले ग्लेन शेलेनबर्ग यांनी तसं केलं. सहा वर्षांची १४४ मुलं घेऊन चार गट पाडले: काही कीबोर्ड शिकली, काही गायन, काही नाटक, आणि काहींना त्या वर्षी काहीच शिकवलं नाही. २००४ साली निष्कर्ष आले. सगळ्यांचाच बुद्ध्यांक वाढला होता, कारण सगळी मुलं नुकतीच पहिलीत गेली होती. संगीताच्या गटात ही वाढ सरासरी ७ गुणांची, बाकीच्यांत ४.३ गुणांची. म्हणजे फरक तीनेक गुणांचा. त्यावरून भरपूर मथळे छापून आले. त्याच प्रयोगात नाटकाच्या गटातल्या मुलांचं इतरांशी वागणं लक्षात येण्याइतकं सुधारलं होतं, आणि संगीताच्या गटात तसं काही घडलं नव्हतं. त्याची मात्र फारशी चर्चा झाली नाही. मला हाच त्या प्रयोगातला जास्त मोलाचा भाग वाटतो.

त्या तीन गुणांचं पुढे काय झालं? जिओव्हानी साला आणि फर्नांड गोबे यांनी २०२० मध्ये अशा ५४ अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला. त्यांत मिळून जवळपास ७ हजार मुलं होती. अभ्यास जितका काटेकोर, तितका संगीताचा बुद्धीवरचा परिणाम शून्याच्या जवळ. या मांडणीवर आक्षेप आहेत, आणि पुन्हा हिशेब करून थोडाफार फायदा उरतो असं म्हणणारेही आहेत. पण वाद उरल्यासुरल्या फायद्याबद्दल चालला आहे, यातच सगळं आलं.

मग या उपक्रमांत घडतं तरी काय? रीड लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किशोरवयीन मुलांना पेजर देऊन ठेवले होते. दिवसात केव्हाही तो वाजायचा, आणि त्या क्षणी आपण काय करतोय, लक्ष किती आहे, मनापासून करतोय का, हे मुलांनी लिहून ठेवायचं. वर्गात मुलांचं लक्ष असायचं, पण मन नसायचं. मित्रांच्या कोंडाळ्यात मन रमायचं, पण लक्ष असं कशावरच नसायचं. दोन्ही एकदम जुळून येण्याची जागा म्हणजे स्वतः निवडलेले पण शिस्तीत चालणारे उपक्रम: खेळ, कला, छंद. स्वीडनच्या केंद्रांत नेमकं काय कमी पडत होतं, हे इथे उलगडतं. मन होतं, मोकळीक होती. खटपट करून गाठावं असं काही नव्हतं.

शर्ली ब्राइस हीथ या भाषाअभ्यासक तर मुलांच्या बोलण्याकडेच कान देऊन बसल्या. अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांमधल्या युवा संस्थांत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं संभाषणं टिपली. मुलं एखाद्या संस्थेत रुळली की काही आठवड्यांतच त्यांच्या बोलण्यात 'जर असं केलं तर', 'कदाचित', 'म्हणजे तुला नेमकं काय म्हणायचंय' अशा रचना वाढू लागायच्या. यात गूढ काही नाही. नाटक बसवताना, भिंत रंगवताना पुढच्या आठवड्याचा अंदाज बांधावा लागतो, दुसऱ्याच्या कल्पनेत चूक काढावी लागते आणि तीही तो रुसणार नाही अशा बेताने. प्रयोगाची तारीख ठरलेली असते, ती पुढे जात नाही. अशा बोलण्याची वेळ मुलांवर एरवी दिवसभरात किती वेळा येते?

सोबत ताल धरण्याचाही वाटा आहेच. सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी २०१० मध्ये दाखवलं, की एकत्र गाऊन-वाजवून खेळलेली चार वर्षांची मुलं नंतर एकमेकांच्या मदतीला जास्त धावतात. तोच खेळ संगीताशिवाय खेळलेली कमी. पण गाण्यालाच सगळं श्रेय देण्याची घाई नको. इंग्लंडमध्ये मोठ्या माणसांच्या गाण्याच्या, हस्तकलेच्या आणि लेखनाच्या वर्गांची सात महिने तुलना झाली. गाणारे लवकर जवळ आले, हे खरं. शेवटी मात्र तिन्ही वर्गांत जवळीक सारखीच होती.

आजवरचा सगळ्यात बोलका प्रयोग माझ्या मते ह्यूस्टन शहरातला. तिथे ४२ शाळांमध्ये, तिसरी ते आठवीच्या दहा हजारांहून अधिक मुलांवर तो झाला. कोणत्या शाळांना शहरातल्या कलासंस्थांची जोड द्यायची, हे लॉटरीने ठरलं. निवडलेल्या शाळांत कलाकार येऊन शिकवू लागले, मुलं प्रयोग आणि प्रदर्शनं बघायला जाऊ लागली. डॅनियल बोवेन आणि ब्रायन किसिडा यांनी २०१९ मध्ये निकाल मांडले. शिस्तभंगाच्या कारवाया ३.६ टक्के-बिंदूंनी घटल्या, लेखनाचे गुण वाढले, दुसऱ्याबद्दलची कणव थोडी वाढली. गणित, वाचन, विज्ञान यांत नोंद घ्यावी असा फरक नाही. मात्र गुण घसरलेही नाहीत, आणि कलेला वेळ दिला तर अभ्यास बुडेल या भीतीला हे पुरेसं उत्तर आहे.

या सगळ्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा वर येते. कलाप्रकार कोणता, यापेक्षा तो कसा चालवला जातो, हे जास्त निर्णायक ठरतं. जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये शाळेनंतर चालणाऱ्या ६० हून अधिक उपक्रमांचा आढावा घेतला. ज्यांत पायरीपायरीने शिकवणं होतं, मुलांना स्वतः करायला लावलं जात होतं, त्यासाठी राखून वेळ होता आणि काय शिकायचं ते स्पष्ट होतं, त्यांचाच परिणाम दिसला. बाकीच्यांत मुलं आली आणि गेली.

आणि बक्षिसं! मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा १९७३ चा प्रयोग जुना आहे, पण स्पर्धा भरवण्याची हौस असलेल्यांनी तो वाचावाच. मुळातच चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना आधीच सांगितलं, 'चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल.' ते मिळालं. पुढे मोकळ्या वेळात रंगीत पेनं समोर ठेवली, तेव्हा या मुलांनी बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढली. ज्यांना प्रशस्तिपत्र अचानक, काही न सांगता मिळालं होतं, त्यांची आवड शाबूत होती.

राहिला प्रश्न, या उपक्रमांत येतं कोण? व्हेनेझुएलात १९७५ साली जोसे अन्तोनियो आब्रेऊ यांनी मुलांच्या वाद्यवृंदांची चळवळ सुरू केली. 'एल सिस्तेमा' हे तिचं नाव जगभर गेलं, ते गरीब मुलांना तारणारी म्हणून. २०१७ मध्ये तिथल्या २,९१४ मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकून काहींना लगेच प्रवेश दिला होता, बाकीच्यांना वर्षभर थांबवलं होतं. आत्मसंयम थोडा वाढला, वागण्यातल्या अडचणी थोड्या कमी झाल्या. बुद्धीच्या चाचण्यांत एकंदर गटात फरक नाही. कमी शिकलेल्या आयांची मुलं आणि हिंसा जवळून पाहिलेले मुलगे यांना फायदा जास्त झाला. पण प्रयोगातल्या मुलांत गरीब घरांतली होती सुमारे १७ टक्केच. ज्या राज्यांतून ती आली, तिथे हे प्रमाण ४६ टक्क्यांच्या वर होतं. ज्यांना सर्वाधिक उपयोग, तीच दारापर्यंत कमी पोचली होती.

शिवाय हा प्रयोग एका वर्षाचा. लॉस एंजेलिसमध्ये मेंदूशास्त्रज्ञ नीना क्राउस यांनी गरीब वस्त्यांतल्या ४४ मुलांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून, 'बा' आणि 'गा' या जवळच्या आवाजांतला फरक त्यांचा मेंदू किती नेमका टिपतो, ते मोजलं. वर्षभर मोफत संगीतशिक्षण घेतल्यावर काहीच बदल नव्हता. तो दिसला दोन वर्षांनंतर. व्हेनेझुएलात दुसऱ्या वर्षी काय झालं असतं, हे चिठ्ठ्यांच्या आधारे शोधायची सोयच राहिली नाही, कारण तोवर थांबवून ठेवलेल्या मुलांनाही प्रवेश मिळाला होता. त्यांना आणखी अडवून ठेवणं कुणाला पटलं असतं?