कल्पित लष्करी साम्राज्ये आणि त्यांच्यामागचा खरा इतिहास

फँटसी कथांमध्ये आणि खेळांमध्ये लष्करी साम्राज्य हे जवळपास ठरलेले पात्र आहे. त्याचा जन्म नापीक डोंगरात किंवा उजाड पठारावर होतो, शेजाऱ्यांच्या जाचातून त्याचे पहिले सैन्य उभे राहते, तिथली मुले जाणती होण्याआधीच छावणीत दाखल होतात, देव युद्धाचा असतो आणि ध्वजावर एखादे श्वापद असते. नकाशा आणि नावे बदलली तरी हा साचा फारसा बदलत नाही, कारण तो ज्या मोजक्या ऐतिहासिक राज्यांवरून घेतला जातो ती राज्ये तीच ती असतात. घेताना मात्र शिस्त, शस्त्रे आणि क्रौर्य तेवढे उचलले जाते. त्या सैन्याला धान्य कोण पुरवत होते, जमीन कोण कसत होते आणि सैनिकाच्या मुलाचे पुढे काय होत होते, हे बहुधा मागेच राहते. आणि या राज्यांच्या संस्कृतीला आकार दिला तो प्रामुख्याने याच प्रश्नांनी.

हा साचा रूढ होण्यात फँटसी खेळांच्या वंशावळीचाही वाटा आहे. प्रशियात १८२४ साली लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी नकाशा, सोंगट्या, फासे आणि पंच असलेला युद्धखेळ प्रचारात आला. पुढे त्या कल्पनेतून हौशी लोकांचे युद्धखेळ निघाले आणि अशाच हौशी मंडळींमधून १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ जन्माला आला. म्हणजे पथके, चिलखते आणि वेढ्यांचे नियम आधी तयार होते. गावे, बाजार आणि शेते त्यांच्याभोवती नंतर आली. दृश्य रूपाचे म्हणाल तर सरळ रांगा, एकसारखे गणवेश आणि मशालींची संचलने ही रोमकडून कमी आणि १९३०च्या दशकातल्या जर्मनीकडून अधिक आली आहेत, असे मला वाटते.

ऐतिहासिक नमुन्यांत पहिला मान अर्थातच प्राचीन ग्रीसमधील स्पार्टा या नगरराज्याचा. सातव्या वर्षी घर सोडणारी मुले, सामुदायिक भोजन आणि ऐषआरामाचा तिटकारा ही स्पार्टाची वर्णने बव्हंशी बाहेरच्यांनी लिहिलेली आहेत. लेखक झेनोफन अथेन्सचा होता आणि चरित्रकार प्लूटार्क तर स्पार्टाच्या भरभराटीनंतर चार-पाचशे वर्षांनी झाला. या वर्णनांत कौतुकाचा रंग गडद आहे. पण त्यामागची व्यवस्था लपत नाही. शेजारचा मेसेनिया प्रदेश जिंकून स्पार्टाने तिथल्या लोकांना हेलट म्हणजे जमिनीला जखडलेले वेठकरी बनवले आणि त्यांच्या श्रमावर नागरिकांना पूर्णवेळ सैनिक होता आले. इ.स.पू. ४७९ मधील प्लाटियाच्या लढाईत पाच हजार स्पार्टन नागरिकांमागे प्रत्येकी सात याप्रमाणे ३५ हजार हेलट होते, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. हा आकडा फुगवलेला मानला तरी प्रमाण बोलके आहे. स्पार्टाचे अधिकारी दरवर्षी हेलटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत, जेणेकरून त्यांना ठार मारणे पाप ठरू नये, अशी नोंद प्लूटार्कने ॲरिस्टॉटलच्या हवाल्याने केली आहे. ज्या शिस्तीचे एवढे गोडवे गायले जातात तिचा रोख बाहेरच्या शत्रूइतकाच घरच्या शेतमजुरांवर होता.

स्पार्टाचा ऱ्हासही पंक्तीतूनच सुरू झाला. प्रत्येक नागरिकाला सामुदायिक भोजनासाठी जव, मद्य, चीज आणि अंजिरे यांचा ठरलेला वाटा द्यावा लागे आणि ज्याला तो जमत नसे त्याचे नागरिकत्व जाई. जमीन थोड्या हातांत एकवटत गेली तसतशी पूर्ण नागरिकांची संख्या घटत गेली. इ.स.पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्राच्या रणांगणावर सुमारे ७०० स्पार्टन नागरिक उतरले आणि त्यातले ४०० मारले गेले. पुढच्या दोन वर्षांत थीब्स या ग्रीक नगरराज्याचा सेनापती एपामिनोन्डस याने मेसेनिया मुक्त केला आणि स्पार्टाच्या ताटातले धान्यच गेले. कल्पित साम्राज्याचा शेवट निवडलेल्या नायकाच्या तलवारीने होतो. इथे नायक होता, पण निर्णायक घाव पडला तो कोठारावर.

चीनमधील छिन राज्याची कथा याच्या नेमकी उलट आहे, आणि फँटसी लेखकांनी तिचा पुरेसा उपयोग केलेला नाही, ही आश्चर्याची गोष्ट आहे. इ.स.पू. ३५६ पासून शांग यांग या मंत्र्याने तिथे जे बदल केले त्यांत प्रतिष्ठेची शिडी वीस पायऱ्यांची केली गेली आणि ती जन्मावर नव्हे तर रणांगणात कापलेल्या शत्रूच्या शिरांवर चढायची होती. एका शिरामागे एक पायरी आणि सोबत जमीन. जास्त धान्य आणि कापड तयार करणाऱ्या घरांना वेठबिगारीतून सूट मिळे. शेती आणि युद्ध ही या राज्याच्या दृष्टीने एकाच धोरणाची दोन अंगे होती. सीमा च्यान या इतिहासकाराने सांगितलेली एक हकिकत इथे आठवते. शेजारच्या हान राज्याने छिनला दमवण्यासाठी झंग क्वो नावाचा जलव्यवस्थेतला जाणकार पाठवला आणि त्याने छिनच्या गळी एक प्रचंड कालवा उतरवला. कट उघडकीला आला तेव्हा काम निम्म्यावर होते. तरी छिनने ते पुरे करून घेतले, त्या पाण्याने खोऱ्यातली जमीन पिकू लागली आणि त्याच धान्याच्या बळावर छिनने इतर राज्ये गिळली. इ.स.पू. २२१ मध्ये चीन एकछत्री झाला.

छिनचे कायदे १९७५ मध्ये श्वेईहूदी येथील एका कारकुनाच्या थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले सापडले. वेठीच्या कामावर सहा ते दहा दिवस उशिरा पोहोचल्यास एक ढाल आणि त्याहून उशीर झाल्यास एक चिलखत दंड होता. पावसामुळे काम होत नसेल तर माफी होती. दंडसुद्धा ढाली-चिलखतांत मोजणारे हे राज्य, पण ते चालत होते हजेरी, माप आणि नोंदवही यांवर. कल्पित साम्राज्यांत सेनापती पुष्कळ भेटतात, हा कारकून क्वचितच.

उत्पत्तिकथेच्या बाबतीत मेक्सिकोतील ॲझ्टेकांचे उदाहरण लक्षणीय आहे. १४२८ मध्ये त्यांच्या इट्सकोआट्ल या राजाने दोन मित्रराज्यांच्या साथीने आस्कापोत्साल्को या तोवर वरचढ असलेल्या शेजारी नगरराज्याची सत्ता मोडली. त्याच्या कारकिर्दीत जुन्या इतिहासाची चित्रलिखिते जाळण्यात आली, कारण सामान्य लोकांनी सगळे जाणणे योग्य नव्हे असे राज्यकर्त्यांना वाटले, ही माहिती साहागून या स्पॅनिश धर्मोपदेशकाने स्थानिकांकडून मिळवून नोंदवली आहे. भटक्या टोळीला युद्धदेवाने ठरवून दिलेल्या भूमीपर्यंत आणले, ही त्यांची प्रसिद्ध कथा या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. साम्राज्याची उत्पत्तिकथा साम्राज्य उभे राहिल्यावर रचली जाते, आणि काल्पनिक विश्वात मात्र ती बऱ्याचदा निखळ सत्य म्हणून पहिल्याच पानावर सांगितली जाते. प्राचीन मेसोपोटेमियातील अश्शूरी राजांनी हेच काम दगडावर केले. इ.स.पू. ७०१ मधील लाखीश या यहुदी शहराच्या वेढ्याची, सोलल्या जाणाऱ्या कैद्यांसह कोरलेली चित्रे अश्शूरी राजा सेन्नाखरिबच्या निनेवे येथील राजवाड्यात लावलेली होती. क्रौर्याची ती जाहिरात इतकी परिणामकारक ठरली की काल्पनिक साम्राज्यांची दहशत आजही त्याच साच्यातली असते.

सर्वाधिक गुंतागुंतीचा नमुना गुलाम सैनिकांचा. कैरोत १२५० ते १५१७ या काळात राज्य करणारे मामलूक हे परमुलखातून मुले म्हणून विकत आणलेले, छावणीत वाढवलेले आणि नंतर मुक्त केलेले सैनिक होते; त्यांच्या मुलांना सामान्यतः वडिलांचा दर्जा मिळत नसे, त्यामुळे सत्ताधारी वर्ग प्रत्येक पिढीत नव्याने विकत आणावा लागे. उस्मानी साम्राज्याने बाल्कनमधील ख्रिस्ती कुटुंबांतून मुले घेऊन जानिसारी दल उभे केले. त्यांच्या अधिकाऱ्याचे पदनाम सूप वाढणाऱ्यावरून पडलेले होते आणि पथकाने आपली कढई पालथी घातली की ते बंडाचे निशाण समजले जाई. १६२२ मध्ये त्यांनी दुसरा उस्मान या सुलतानालाच ठार केले. विवाहाची मुभा मिळाल्यावर त्यांची मुले दलात भरती होऊ लागली, सैनिक दुकाने चालवू लागले आणि अठराव्या शतकात तर पगाराच्या चिठ्ठ्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. कधीही शस्त्र न धरलेले लोक त्या चिठ्ठ्यांवर वेतन उचलत आणि पटावरची संख्या मोहिमेवर निघणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक असे. १८२६ मध्ये दुसऱ्या महमूदने इस्तंबूलमधील त्यांच्या बराकींवर तोफा डागून हे दल बरखास्त केले आणि त्या चिठ्ठ्या रद्द केल्या.